जाळीमागचं अस्तर

ही गोष्ट सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. नात सुट्टीला घरी आली की कधीतरी विचारायची, "आबा, तो कॉम्प्युटरवाला आता काय करतो?" आणि मी चहा गार झाल्याचं निमित्त करून उठायचो. माझ्या एका खोट्यामुळं भूममधल्या एका सरळ माणसाच्या नावाला बट्टा लागला आणि तो पुसणं माझ्या हातात असताना मी पुसला नाही. गोष्ट एवढीच आहे. पण एवढीच लिहायला हात उचलत नव्हता.

मी शिंपी. बाजाराच्या रस्त्यावर चाळीस वर्षं कपडे शिवले. आमच्याकडं उन्हाळ्यात एक वावटळ येऊन गेली की टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर बोटानं नाव लिहिता येतं. म्हणून माझ्या वस्तादानं मला आधी शिवायला नाही, झाकायला शिकवलं. काम संपलं की मशीनवर खोळ. विसरलो तर पाठीत फुटपट्टी. ती सवय माझ्याबरोबर घरी आली. आमच्या टीव्हीला खोळ होती, मिक्सरला होती, टेबलफॅनला थंडीत खोळ होती. बायको म्हणायची, "एक दिवस मलाबी खोळ शिवताल तुमी."

नात अकरावीला गेली तेव्हा घरात कॉम्प्युटर आला. तो जोडून दिला आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदारानं. तिशीतला मुसलमान तरुण, अंगानं बारीक, बोलायला मऊ. त्याच्या निकाहची शेरवानी मीच शिवली होती. मला तो मास्टर म्हणायचा. नातीला शेजारी बसवून, कुठला भाग कशासाठी ते समजावत त्यानं ती पेटी उभी केली. पुढच्या बाजूला जाळी आणि जाळीमागं बाहेरची हवा आत ओढणारे दोन पंखे.

निघताना हसून म्हणाला, "मास्टर, एक अर्ज हाय. हिला तेवढी खोळ घालू नका."

खोळ मी घातली नाही. हे वाक्य मी मनाशी किती वेळा म्हटलंय, त्याची गणती नाही. पण ते पंखे रोज आमच्या रस्त्याची धूळ आत ओढताना मला दिसत होते. जाळीवर करडा थर साचायचा. नातीनं सांगून ठेवलं होतं, "आबा, त्याला हात लावायचा न्हाय." एका दुपारी ती कॉलेजात असताना मी बाजूचा पत्रा उघडला, अस्तराच्या कापडाचा दुहेरी तुकडा बेतून कापला, कडा दुमडून शिवल्या आणि जाळीच्या आतून असा बसवला की बाहेरून दिसू नये. काम इतकं सफाईदार झालं की मी स्वतःवरच खूष झालो. कुणाला बोललो नाही.

नातीला डोंगरातून गाडी पळवण्याच्या गेमचा नाद होता. नुसती खेळायची नाही. खेळताना पडद्यावरचं सगळं रेकॉर्ड करायची, त्यावर आपल्या बोलीत बोलायची आणि इंटरनेटवर टाकायची. "आता बगा, ह्या वळणाला भलेभले पालथे पडतेत." भूमची पोरंपोरी ते आवडीनं बघायची.

अस्तर लावल्याला आठवडाही झाला नसेल, तिचं रेकॉर्डिंग बिघडलं. खेळताना सगळं ठीक वाटायचं, पण नंतर लावून बघितलं की गाडी वळणाच्या अलीकडं दिसायची आणि एकदम पलीकडं. मधलं वळणच गायब. तिनं मला समजावलं. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, एकामागं एक. कॉम्प्युटरला ती उरकेनाशी झाली की तो मधली काही सोडून देतो. त्याला म्हणायचं फ्रेम ड्रॉप.

"म्हंजे टाका सुटतो," मी म्हणालो.

"व्हय आबा, तसंच."

दोन आठवडे ती झगडली. साठाची तीस चित्रं केली. चित्राचा आकार कमी केला. ज्या डिस्कवर गेम होता ती सोडून रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर साठवलं. रेकॉर्ड करायचा भार प्रोसेसरवरून काढून ग्राफिक कार्डावर टाकला. दर वेळी पहिली दहा मिनिटं सुरळीत जायची आणि मग टाके सुटायला लागायचे.

"पण धाच मिनिटं का?" ती स्वतःलाच विचारायची. डोळे रडून लाल. शेवटी एकदा म्हणाली, "मला वाटतं आबा, मशीनच खराब दिलंय."

ते मी उचललं. बाजाराचा दिवस होता, त्याच्या दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं. मी पायरीवरूनच सुरुवात केली.

"जुना माल घालून नवं म्हणून खपवतो व्हय रं? पोरीच्या डोळ्यांत पानी आनलंस."

तो काउंटरमागून बाहेर आला. "मास्टर, आधी आत तर या. बसा. काय झालंय?"

"टाके सुटायलेत तुझ्या मशीनचे."

कुणीतरी हसलं. तो हसला नाही. "घेऊन या ना हितं. तुमच्यासमोर खोलतो. माझी चूक निघाली तर ह्याच लोकांसमोर कबूल करतो."

"आनू कशाला? आतलं बदलून हात झटकायला?"

"मास्टर, तुमी मला आजपासनं वळखता का?"

इथं थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "तुमा लोकांवर विश्वास टाकला, हीच आमची चूक."

कोणते लोक, ते मी बोललो नाही. बोलायची गरज उरली नाही. त्यानं मान खाली घातली आणि टेबलावरचा एक स्क्रू उचलून डबीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा नातीला मेसेज आला, तिचे व्हिडिओ बघून लिहिलेला. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ती जेवताना मला वाचून दाखवत होती. बाजूचा पत्रा काढून अर्धा तास रेकॉर्डिंग कर. फ्रेम सुटल्या नाहीत, तर समज आत हवा जात नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला हळू चालतो. पुढची जाळी आतून बघ, काही अडकलंय का.

"कॉलेजातनं आले की उघडते," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी पत्रा काढला. अस्तर धुळीनं गोधडीसारखं जाड झालं होतं. ते ओढून काढलं, झटकलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. पत्रा लावताना एक स्क्रू घरंगळून कुठं गेला, तो सापडलाच नाही.

नात आली आणि तिचं लक्ष आधी तिथंच गेलं. "आबा, कुनी उघडलं हे?"

कापड खिशात होतं. हात घालून बाहेर काढायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं.

"त्यो आलता दुपारी," मी म्हणालो. "आतला कायतरी पार्ट बदलून गेला."

"म्हंजे खरंच जुना घातला होता?"

मी नाही म्हणालो नाही. वर म्हणालो, "जाऊ दे, लाजला बिचारा. त्याला काय लिहू नको आता." तो विषय तिनं काढू नये, म्हणून हे बोललो. तिला वाटलं, आबाचं मन केवढं मोठं.

तिनं पाऊण तास रेकॉर्डिंग केलं. सुटलेल्या फ्रेमचा आकडा शून्य. टाळ्या वाजवत मला दाखवायला आली. मग त्याच व्हिडिओच्या सुरुवातीला ती हसत हसत बोलली की आमच्या गावच्या कॉम्प्युटरवाल्यानं जुना पार्ट घातला होता, पण माझ्या आबांनी त्याला भर बाजारात झापलं आणि बघा, फरक पडला. मी पलीकडच्या खोलीत काजं करत बसलो होतो. प्रत्येक शब्द ऐकू आला. तिनं तो व्हिडिओ टाकला तेव्हा मी सुईत दोरा ओवत होतो.

कॉम्प्युटर घेणारी सगळी तिच्याच वयाची, तिचे व्हिडिओ बघणारी पोरं. ती त्याला सोडून शेजारच्या बार्शीला जायला लागली. दोन वर्षांनी त्याचं दुकान बंद झालं. ते सगळं माझ्यामुळंच झालं, असं मी म्हणत नाही. माझ्यामुळं झालं नाही, असंही म्हणवत नाही. तो व्हिडिओ त्यानं बघितला असणारच. जाब विचारायला मात्र कधी आला नाही.

एकदाच भेटला, भूमच्या एसटी स्टँडवर. मी तुळजापूरच्या गाडीची वाट बघत होतो. तोच पुढं आला.

"सलाम मास्टर. बरं हाय का? नातीचं रेकॉर्डिंग नीट होतंय आता?"

"होतंय."

"मग झालं." पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "राग म्हणून न्हाय विचारत. मी तर काय बदललं न्हवतं. नेमकं काय निघालं हो त्यात? लई दिवस डोक्यात हाय माझ्या."

त्याला खरंच फक्त ते जाणून घ्यायचं होतं. कारागिराला झोंबतं ते हेच, दोष कुठं होता ते न कळणं. मला ते कळायला हवं होतं, मीही कारागीरच.

"काय की," मी म्हणालो. "आपोआप बसलं."

गाडी लागली. मी चढलो. जागा मिळेपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तो वारला, कावीळ झाली होती म्हणे. मी त्याच्या घरी गेलो. अस्तराचा तो तुकडा धुऊन, घडी घालून खिशात नेला होता. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. म्हणाली, "तुमी शिवलेली शेरवानी अजून ठेवलीय, मास्टर." मी चहा प्यालो, माणूस लाखात एक होता म्हणालो आणि खिशातल्या कापडासकट परत आलो.

दिवाळीला नात आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्यासमोर तो व्हिडिओ काढून टाकला आणि विचारलं, "त्यांना का न्हाय सांगितलंत, आबा?"

स्टँडवर त्यानं विचारलं तेव्हा द्यायचं उत्तर आता तयार आहे. रोज मनात म्हणतो: बाबा, दोष तुझ्या मशीनमध्ये नव्हता. जाळीमागं अस्तर मी लावलं होतं, मीच काढलं आणि नाव तुझं घेतलं. दुकानात जे बोललो तेही खोटं होतं. मला माफ कर.