मागचं तोंड

उत्तमदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालेगावला भाजी घेत होते. सव्वा महिना झाला त्याला. भाजीवाल्याकडून पिशवी घेतली, पैसे दिले, आणि मग तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. आजारी होताच तो, तरी माणूस जातो तेव्हा अचानकच जातो.

दादा नौदलात वैमानिक होता, एवढं आमच्या किन्हीराजा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शेतात राबणाऱ्या बौद्ध घरातला मुलगा, जहाजावर विमान उतरवायचा. पण शिकताना तो एका खोट्या विमानात नापास व्हायला आला होता, हे मागच्या आठवड्यापर्यंत घरात एकट्या मलाच माहीत होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तळावरच्या एका बंद खोलीत विमानाची नुसती पुढची बैठक होती. जमिनीवरून कधी न हलणारी. आत सगळे दांडे आणि घड्याळं खरी, समोरच्या पडद्यावर समुद्रात डुलणारं इवलंसं जहाज. खऱ्या जहाजावर जायच्या आधी त्यात उतरायला शिकायचं. विमानाच्या शेपटाखाली एक आकडा असतो, तो जहाजावर ताणलेल्या लोखंडी दोरात अडकला की विमान थांबतं. पण अडकेलच असं नाही. म्हणून चाकं टेकताक्षणी डाव्या हातातला दांडा पुढं ढकलून इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. दोर चुकला तर पुन्हा उडता आलं पाहिजे... नेमका त्याच क्षणी दादाचा डावा हात मागं यायचा. दर वेळी. शिकवणाऱ्या साहेबांनी शेवटी सांगितलं, सुट्टीवरून आल्यावर एक संधी, नाहीतर जहाज विसर.

दादा घरी आला तो असा तोंड पाडून. दोन दिवस बाजेवर पडून होता. तिसऱ्या दिवशी बाबा शेतातून बैलांची बंडी हाकत आले, आणि दादा बाजेवरून ताडकन उठला. घर जवळ आलं की बैल ओढ घेतात, म्हणून आवारात शिरताना गाडीवान कासरा मागं ओढतो. कासरा डाव्या हातात. दादानं लहानपणापासून हेच तर केलं होतं. "शालू," तो मला म्हणाला, "माह्या हाताले वाटते का घर आलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बंडी हातात घेतली. आमच्या आवाराला दोन तोंडं होती, एक रस्त्याकडे आणि एक मागं खळ्याकडे. रस्त्याकडून शिरायचं, आणि आवारातल्या उंबराच्या झाडाजवळ आलं की कासरा ओढायचा सोडून डावा हात पुढं करायचा, बैलांना हाकारायचं आणि सरळ मागच्या तोंडातून खळ्यात निघून जायचं. मी मागचं काट्याचं फाटक बाजूला ओढून उभी राहायचे. त्याच्या हाताकडे बघायचं एवढंच माझं काम. "हात मांगं आला!" असं ओरडताना मला फार मजा यायची. पहिल्याच दिवशी चाक आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून गेलं. त्या संध्याकाळी आईनं दादाला भाकर वाढताना ताट जरा जोरात ठेवलं.

बाबा मात्र बोलले. "उतराचं हाय त जोर कायले लावतं? बैलालेबी समजते, घरी आलं का थांबाचं."

"बाबा, तिथं घर नाई ना. दोर चुकला त समोर समुद्रच हाय."

सुट्टी संपेपर्यंत दादाचा हात मागं यायचा थांबला. बैलांनाही तेच वळण लागलं. दादा तळावर परतल्यावर बाबांची बंडीसुद्धा घर ओलांडून थेट खळ्यात जायची आणि बाबा कासरा ओढत दादाच्या नावानं शिव्या देत परत यायचे.

दादा खोट्या विमानात पास झाला. पुढच्या सुट्टीत आला तेव्हा बाबांजवळ बसून त्यानं जहाजावरच्या पहिल्या दिवसाचं सांगितलं. चाकं टेकली, पण आकडा दोरात अडकलाच नाही. "हात आपोआप पुढं गेला, बाबा. उडालो, फिरून आलो, मग लागला दोर." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मागचं काट्याचं फाटक उपटलं आणि चुलीसाठी तोडून ठेवलं. "हे तोंड आता उघडंच राहू द्या," म्हणाले. बाबांचं दादावर किती प्रेम होतं ते मला त्या सकाळी कळलं.

ते तोंड उघडंच राहिलं. मी मॅट्रिकला नापास झाले आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं, तेव्हा सुट्टीवर आलेल्या दादानं बाबांना फक्त त्या मागच्या तोंडाकडे बोट दाखवलं होतं. मी पुन्हा परीक्षेला बसले आणि पुढं तीस वर्षं शाळेत शिकवलं.

मागच्या आठवड्यात किन्हीराजाला गेले तर दादाच्या मुलानं, मिलिंदनं, मिस्त्री बोलावला होता. मागून मोकाट ढोरं घुसतात म्हणून भिंत घालायची होती. विटा येऊन पडल्या होत्या. पोराचं चुकत नव्हतं, ढोरं खरंच घुसतात. मी त्याला शेजारी बसवलं आणि हे सगळं सांगितलं. त्याच्या बापानं त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मिलिंद उठून त्या मोकळ्या जागेपर्यंत गेला आणि तिथूनच मिस्त्रीला म्हणाला, "काका, इथं इटा नोका लावू. त्या समोरच्या ओट्याले लावा."

संध्याकाळी दोन गाई आत आल्या. मीच उठून त्यांना हाकललं.