शेवटची चार पानं

एकाहत्तरची लढाई संपून वर्ष झालं होतं. आमचे हे फौजेतून दोन महिन्यांच्या रजेवर आले, ते ट्रंकेत माझी सवत घेऊनच. सवत म्हणजे एक जाडजूड रहस्यकादंबरी. सकाळी उसाला पाणी पाजून आले की ओट्यावर बसून तीच वाचायची. ताट वाढलं तरी नजर पुस्तकात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"काय ठेवलंय एवढं त्यात?" मी एकदा विचारलंच.

"त्यातला डिटेक्टिव्ह लय हुशार हाय गं."

मी सातवी पास, पण यांनी मला कधी एवढ्या कौतुकानं हुशार म्हटलं नव्हतं. मग हे शेतात गेले की मीही पुस्तक उघडायला लागले. तो डिटेक्टिव्ह पहिल्या पानापासून माझ्या डोक्यात गेला. घडीघडीला अत्तराचा रुमाल नाकाला लावायचा, भेटेल त्याला मठ्ठ ठरवायचा आणि सगळं कळूनही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. असल्याला भाकऱ्या थापायला बसवायला हवं होतं. गोष्ट मात्र अशी रंगली की चुलीवरचं दूध दोनदा उतू गेलं. यांच्या आधी मी पुस्तक संपवलं.

रजा संपली तेव्हा यांची चाळीसेक पानं राहिली होती. म्हणजे पुस्तक पुन्हा यांच्याबरोबर जाणार आणि मी इथंच. आमच्याकडे फौजेतलं पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावानं. दीर ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. शेवटी "घरच्या सर्वांना नमस्कार" असायचा, त्या सर्वांत मी. ट्रंक भरताना मी पुस्तकाची शेवटची चार पानं हळूच काढून घेतली.

महिन्याभरात माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं. न्हाणीत कडी लावून वाचलं. "तू बरी असशील," एवढी एकच ओळ माझी. बाकी सगळा तो रुमालवाला, आणि "पानं तूच काढलीस, ठाऊक हाय. धाडून दे." मला रडूच आलं. मग चिडून एकच पान पाठवलं. पुन्हा पत्र आलं, दुसरं पाठवलं. मग तिसरं. चौथं ठेवून घेतलं.

पुढच्या रजेला हे आले. दारात मी भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. हे वाकून हळूच म्हणाले, "खुनी कोन गं?"

"आवं, आधी मी कशी हाय त्ये इचारा की!"