ठकुबाईच्या खाचरातल्या गाड्या

आमच्या ठकुआत्याबाईंना कुणी 'पार्किंगवाली मावशी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. शनिवार-रविवारी पुण्याहून गड चढाया येणारी माणसं म्हणत्यात, त्यांना काय ठावं. पण वाडीतली माणसंबी तसंच म्हणाया लागली, तवा म्हटलं आता सांगाया पाहिजे. त्या पार्किंगवाल्या न्हाईत. त्या भात पिकवत्यात, आन् भात निघालं की मोकळ्या खाचरात लोकांना गाड्या लावू देत्यात. ह्या दोन्हीत लई फरक हाय. खोटं कशाला बोलू, मलाबी तो उशिराच कळला.

म्या सगुणा. ठकुबाई माझ्या मालकांची चुलती, म्हणून म्या त्यांना आत्याबाई म्हणते. वेल्ह्याच्या पुढं, गडाच्या पायथ्याला आमची वाडी. डांबरी संपते तितंच रस्त्याला लागून त्यांचं मोठं खाचर. शेजारी माझं पिठलं-भाकरीचं हाटेल, म्हंजे चार खांब आन् वर पत्रा.

आत्याबाईंचं माहेर हिर्डोशीचं. घाटाच्या अंगाचं गाव, एस्टी आली तर आली, न्हाईतर पायाला सुट्टी न्हाई. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी निघाल्या, तर भोरच्या स्टँडवर कंडक्टरनं गाडी भरली म्हणून त्यांना खाली उतरवलं. बाई चालत सुटली. पुढं त्याच गाडीची माणसं कमी झाली, कंडक्टरनं गाडी थांबवून हाक मारली, "चला बाई, बसा." ह्या चढल्याच न्हाईत. "तवा उतरिवलंस न्हवं? आता तुझी गाडी तू ने," म्हणाल्या आन् तशाच चालत गेल्या. चाळीस वर्सं झाली, बाई काय बदलली न्हाई.

नवरा लवकर गेला. एक लेक, ती किकवीला दिली. मागं राह्यलं हे खाचर, वरची नाचणीची थोडी जमीन आन् बैलांची जोडी. माझ्या सासऱ्यांनी आन् त्यांच्या नवऱ्यानं, दोघा भावांनी, वाटणी केली ती तोंडी. बांधावर उभं राहून "हे तुझं, ते माझं" म्हटलं आन् झालं. कागदावर सगळं अजून एकत्रच. आमच्याकडं निम्म्या घरांचं असंच हाय.

गाड्यांचं कसं झालं ते सांगते. बारा-चौदा वर्सांमागं मार्गशीर्षात पुण्याची एक गाडी रस्त्याकडंच्या चरात गेली. आत्याबाईंनी बैल जुंपून ती वर काढली, आतल्या बायकांना पाणी दिलं, गूळ दिला, आन् म्हणाल्या, "भात निघालंय, खाचर मोकळं हाय. रस्त्यात कडमडण्यापरीस हितं लावा आन् जावा गडावर." पुढल्या रविवारी तीच माणसं आणखी चार गाड्या घेऊन आली. मग काय, थांबतंय व्हय! हळूहळू वाडीत चहा झाला, लिंबू-सरबत झालं, माझी पिठलं-भाकरी झाली.

पण त्यांच्या खाचरात शिस्त त्यांची. गाड्यांची तोंडं सगळी रस्त्याकडं, जत्रंत बैल बांधत्यात तशी एका वळीत. बांधावर चाक चढवायचं न्हाई. हॉर्न वाजवला की शेवटच्या वळीत. एकदा एक लांबलचक काळी गाडी आली, आडवी घातली, आतला गॉगलवाला म्हणतो, "मावशी, मी कोण आहे माहितीये का?"

आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई बाबा. तू कुणीबी आस, गाडी तिरकी हाय."

त्यानं सरळ केली. अहो, करणार न्हाई तर काय! हातात चाबूक न्हाई, शिट्टी न्हाई, नुसत्या उभ्या राहायच्या कमरंवर हात ठिवून.

आन् दरवर्षी जेठ लागला, पाऊस तोंडावर आला की बांधाच्या तोंडाला काटेरी फांद्या पडायच्या. पार्किंग बंद. मोठमोठ्या गाडीवाल्यांनी हात जोडले तरी बंद. गाड्यांनी दगडासारखी केलेली माती नांगराया दुप्पट कष्ट पडायचे, पण आश्विनात तितंच भात पिवळं व्हायचं.

आता गंमत अशी, की गडावर खरी गर्दी व्हती पावसाळ्यात. धुकं काय, धबधबे काय, रील काय. आन् नेमकं तवाच खाचर बंद. गाड्या रस्त्यात अडकायच्या, एस्टीला वाट न्हाई, शिव्यांचा पाऊस. मग यंदा जेठाच्या तोंडावर ग्रामपंचायतीत ठराव आला, की ठकुबाईचं खाचर मुरूम टाकून बारमाही वाहनतळ करायचं. ठराव आणणारे कोण? आमचे मालक. सोमनाथ नाव त्यांचं, सदस्य हाईत पंचायतीत. कागदावर जमीन एकत्र, तवा संमतीची सहीबी त्यांचीच चालली.

आन् वाडीनं खाली सह्या केल्या. म्याबी केली. पावसाळ्यात गाड्या थांबाया जागा न्हाई, हाटेल बंद ठिवायला लागतं, पोरीच्या कॉलेजाचा खर्च डोळ्यापुढं. पण म्हणून सही केली असं म्हणून सुटका न्हाई. केली, ती केली. लाज वाटती.

आत्याबाईंना कळलं तवा त्या आमच्या दारात आल्या. ओरडल्या न्हाईत. मालकांना म्हणाल्या, "सोमा, एकदा मुरूम पडला की तितं भात कधी व्हायचं न्हाई. ठावं हाय न्हवं?"

"काकू, अहो भातात काय राह्यलंय? सगळ्या वाडीचं भलं हाय ह्यात."

"पुण्याला लेकीच्या डोळ्याच्या आपरेशनला गेलते तवा बघितलं. गाडी लावाया जागा न्हाई म्हणून जावई तीन येळा दवाखान्याला फेऱ्या मारत राह्यला. माणसापरीस गाडीला जागा जास्त. तिकडं गुदमरत्यात म्हणून हिकडं येत्यात ना ती? मग हितंबी तसंच करून ठिवायचं?"

"आता काय उपेग न्हाई काकू. शनवारी सकाळी मुरूमाचे डंपर येणार हाईत."

"तुझ्या बापानं बांधावर उभं राहून शब्द दिलाय."

"शब्द कागदावर न्हाई," मालक म्हणाले.

मला वाटलं आता भडका उडतो. पण आत्याबाई वळल्या आन् निघून गेल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगाया पाहिजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. इर्जिक. कुणाला नांगरटीचं काम एकट्याला झेपंना, तर घरची बाई पहाटं दारोदार जाती, हातात गुळाचा खडा. "शनवारी माझी इर्जिक हाय," एवढंच म्हणती. गूळ तोंडात टाकला की बैल-नांगर घेऊन जायचं, मजुरी घ्यायची न्हाई, दुपारी तिच्या घरी जेवायचं. भांडण असू दे, बोलणं बंद असू दे, इर्जिकीच्या गुळाला न्हाई म्हणायचं न्हाई. आन् वावर कुठलं, असं विचारायचं न्हाई. विचारणं म्हंजे हलकटपणा. आणखी एक हाय. ज्याच्या इर्जिकीत नांगर धरला, त्याच्या त्या जमिनीवर पुन्यांदा बोट ठिवायचं न्हाई. चार गावच्या लोकांपुढं कबूल केल्यासारखं असतंय ते.

अलीकडं ट्रॅक्टर आल्यापासनं इर्जिक कुणी घालीतच नव्हतं. गुरवारी पहाटं दार वाजलं. बघते तर आत्याबाई, पदराखाली गूळ.

"सोमा, शनवारी माझी इर्जिक हाय."

मालकांना वाटलं, म्हातारी वरची नाचणीची जमीन नांगरती. खाचराचा नाद सोडला, बरं झालं. मनातनं खूषच झाले असतील. "येतो की काकू," म्हणाले आन् खडा तोंडात टाकला. वर म्हणत्यात कसं, "आपली दोन्ही बैलं आणतो."

म्या आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं आन् मला सगळं उमगलं. म्या गप बसले. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापासनं काही लपवलं, आन् सांगते, लई गोड वाटलं.

शनवारी उजाडायला मालक बैलं आन् नांगर घेऊन वरच्या वाटंला लागले, तर वाटंवर कुणी न्हाई. खालनं मात्र बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. वाकून बघितलं, तर खाचरात सात जोड्या, दोन पॉवर टिलर आन् सगळी वाडी, त्यात म्याबी. ज्यांनी सह्या केल्या तीच माणसं, गुळानं बांधलेली. बांधाच्या तोंडाला काट्यांच्या फांद्या, रस्त्यावर पाच-सहा गाड्या ताटकळत. पोरं-पोरी खाली उतरून मोबाईल काढून उभी.

मालक धापा टाकत बैलांसंगं खाली आले. "काकू, ही फसवणूक हाय!"

"वावर विचारलंस का रं?"

"न्हाई, पण..."

"मग? गूळ परत दे."

सगळी हसली. मालकांचं तोंड लाल. म्हातारे गेनबा नाना, वाडीत ज्यांचा शब्द कुणी मोडत न्हाई, ते म्हणाले, "सोमनाथ, नांगराची पहिली रेघ, पहिलं तास, घरच्या माणसानं घालायचं असतंय. त्या बाईला लेक न्हाई. तू पुतण्या."

मालकांनी बैलाच्या पाठीवर हात ठिवला. खांद्यावर कासरा, नजर खाली. मग वळाया लागले.

तवा आत्याबाईंनी पदर खोचला आन् मालकांच्याच जुंपलेल्या बैलांच्या मागं जाऊन नांगराचं रुमणं, म्हंजे मूठ, धरलं. आमच्याकडं बाई नांगर धरीत न्हाई. देवाचा कोप व्हतो म्हणत्यात. एक म्हातारी "अगं ठके, नको गं!" म्हणून ओरडलीच.

"का नको? म्या लावणी केलेली चालती, कापणी केलेली चालती, झोडलेलं भात तुमी गिळता. देव काय मला आजच बघतोय व्हय?" आन् मालकांकडं न बघता बैलांना म्हणाल्या, "चल रं राजा."

बैल चालले. दाबलेली माती, फाळ आत जाईना, वरच खरवडत चालला. बासष्ट वर्साची बाई, सगळ्या अंगाचा भार देऊन रुमण्यावर वाकलेली. चार पावलांवर पाय घसरला आन् गुडघ्यावर पडल्या. रुमणं सोडलं न्हाई.

माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. म्या जाऊन बैलांची वेसण धरली आन् सगळ्यांदेखत म्हटलं, "सही म्याबी केलती. चुकले. आता म्या बैल धरते, बघू कुणाचा देव कोपतोय."

मालक आले. आत्याबाईंना हाताला धरून उठवलं आन् रुमणं आपल्या हातात घेतलं. फाळ आत घातला तो असा, की ढेकूळ पालथं झालं आन् खालची काळी ओली माती वर आली. मग काय! सातही जोड्या सुटल्या, टिलर धडधडाया लागले, रस्त्यावरच्या पोरी टाळ्या पिटाया लागल्या. आठ म्हैन्यांच्या चाकांच्या वळी तासाभरात मोडल्या.

म्या आत्याबाईंना विचारलं, "पावसाळ्यात माझ्या हाटेलाचं काय वो?"

"रस्त्याच्या पल्याड देवस्थानचा मुरमाड माळ पडलाय. तितं गवतबी उगवत न्हाई. पंचायतीला सांग, तितं लावा म्हणावं गाड्या. आमाला कुणी इचारलं व्हतं का?" गुडघ्याचं रक्त पदरानं पुसत त्या म्हणाल्या.

नऊच्या सुमाराला डंपर आला. मुरूमानं भरलेला, रस्त्यात गुरगुरत उभा. ड्रायव्हरनं खिडकीतनं डोकं काढलं, "पार्किंगचा मुरूम कुठं टाकायचा? सोमनाथ कोण हितं?"

सगळे नांगर थांबले. मालक रुमणं धरून, पाय मातीत. कपाळाचा घाम पुसला आन् म्हणाले, "परत ने. हे खाचर हाय, माझ्या चुलतीचं."

ड्रायव्हरनं कानावर हात ठिवून "काय?" म्हणून विचारलं.

आत्याबाई बांधावरनं म्हणाल्या, "मोठ्यानं सांग, सोमा. तुझ्या बापानं सांगितलं व्हतं तसं."

मालकांनी छाती भरून घेतली आन् सगळ्या वाडीला, त्या पुण्याच्या गाड्यांना आन् गडाला ऐकू जाईल असं ओरडले, "माझ्या चुलतीचं हाय!"