बावली हब्ब आणि मारुतीचं जाळं

भालकीला गाडी बदलून हळ्ळीखेडला उतरेपर्यंत मला वाटत होतं, शकुंतलाबाई माझी थट्टा करताहेत. वटवाघळांचा कुठे सण असतो का? पण उदगीरच्या आमच्या शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या या बाई थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि हा सण त्यांच्या माहेरच्या गावचा होता. मैसूरचं कर्नाटक होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती.

हळ्ळीखेडहून त्या गावाकडे जाणारी गाडी आलीच नाही. फाल्गुनातल्या उन्हात दीड कोस चालत निघालो. पायवाटेवरच्या करडईच्या काट्यांनी माझं पातळ दोन ठिकाणी फाडलं.

चालता चालता बाईंनी सगळं सांगितलं. गावच्या तळ्याकाठी तीन जुन्या चिंचा आहेत. त्यांवर शेकडो बावली (वटवाघळं) राहतात. त्यांना पिल्लं होतात त्या दिवसांत गाव बावली हब्ब (सण) करतं. घरटी एक फळ चिंचेखाली ठेवायचं. ढोल नाही, फटाका नाही. वर्षभर त्या झाडांवर दगड मारायचा नाही, फांदी तोडायची नाही. पहिलं फळ बाईंच्या धाकट्या भावाच्या, मारुतीच्या जांबाच्या (पेरूच्या) बागेतलं. हा मान त्यांच्या आजोबांपासूनचा.

घरी भावजयीने गरम हुग्गी (गव्हाची खीर) वाढली. नवऱ्याबद्दल विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "बागंतच हायत. यंदा येत न्हाई म्हणायलेत."

आम्ही तशाच बागेत गेलो. अख्ख्या बागेवर मासे धरायची जुनी जाळी पसरलेली, आणि मारुती बांधावर पाठमोरा बसलेला.

"मारुती, सगळं गाव थांबलंय. फळ कुठाय?"

"न्हाई देत, अक्का. गेल्या साली अर्धी बाग खाल्ली त्यांनी. पाणी मी द्यायचं, राखण मी करायची, अन् मान त्यांना कामून?"

बाई काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातलं जाळं हललं.

आम्ही जवळ गेलो. एक बावली दोऱ्यांत गुरफटून उलटी लोंबत होती. कोल्ह्यासारखं तोंड, मानेवर तांबूस लव, आणि काळेभोर उघडे डोळे. तिच्या पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं.

"हे कवापासून अडकलंय?" बाईंनी विचारलं.

"रातीपासून," मारुती म्हणाला. मग वाकून पाहिलं आणि त्याचा आवाजच उतरला. "लेकरू हाय व्हय पोटाला? मला दिसलंच न्हाई, अक्का."

त्याने डोक्याचा रुमाल सोडून तिच्यावर टाकला आणि विळ्याने एकेक दोरा कापायला लागला. ती रुमालातून त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली. रक्त आलं, पण त्याने हात मागे घेतला नाही.

"बाई, तेवढा पंख धरा."

मला म्हणाला तो. भीत भीत मी धरला. तो पंख नव्हताच, हात होता. लांबच लांब बोटं, बोटांना सांधे, आणि मधे ताणलेली कोमट, पातळ कातडी. कातडीखाली काहीतरी भराभर धडधडत होतं.

रुमालात गुंडाळून मारुतीने तिला तळ्यावर नेलं. गाव गुपचूप बाजूला झालं. त्याने तिला मधल्या चिंचेच्या खोडाला लावलं. तिने नख्या रुतवल्या आणि तशीच राहिली. बऱ्याच वेळाने ती हलली. पिल्लासकट, थांबत थांबत, वर चढत गेली आणि पानांत दिसेनाशी झाली. बाईंनी बागेतून ओच्यात आणलेला जांब भावाच्या हातात दिला. त्याने तो चिंचेखाली ठेवला. मग बायका आपापली फळं घेऊन पुढे झाल्या.

दिवस बुडाला तशी झाडं जागी झाली. आधी एक निघाली, मग दहा, मग अख्खं आभाळच पंखांचं झालं. हातहात लांब पंख, पण आवाज अगदी हलका, दूरवर कुणी लुगडी झटकावीत तसा. काही खाली येऊन तळ्याच्या पाण्याला पोट लावत आणि पुन्हा वर जात. कित्येकींच्या पोटाशी पिल्लं. त्यांत जाळ्यातली ती कोणती, ते ओळखणं शक्य नव्हतं. मारुती मात्र प्रत्येकीकडे पाहत होता.

सकाळी तो आमच्याबरोबरच हळ्ळीखेडला आला. चावल्याची सुई घ्यायला. बागेचं काय, असं मी विचारलं.

"जाळं काढलं, बाई. तळ्याकडच्या झाडांच्या दोन वळी त्यांच्या. बाकीच्या मी जागून राखतो." मग अंगठ्याची चिंधी चाचपत हसला. "उपाशी व्हती ती. चावली त्यात तिचं काय चुकलं?"

उदगीरला आमच्या घरावरूनही वटवाघळं जातात, हे मला परत आल्यावरच कळलं. इतकी वर्षं ती जातच असणार. आता दिवेलागणीला मी लेकरांना अंगणात बोलावते आणि वर पाहायला सांगते. बोटाने दाखवताना माझी स्वतःचीच बोटं मला नवी वाटतात.