नवी गाडी जुनी करताना

मॉडेलं करणाऱ्यांकडे मॉडेलं कमी आणि किस्से जास्त असतात. एक रणगाडा पुरा व्हायला तीन महिने लागतात, किस्सा व्हायला एक रविवार पुरतो!

चंद्रपुरात दिवाकरभाऊंच्या ओसरीवर आम्ही तिघे दर रविवारी बसायचो. दिवाकरभाऊ माजरीच्या कोळसा खाणीत फिटर, मी शाळेत क्लार्क आणि सतीश पोलिसात ड्रायव्हर. पुढे सतीशची बदली गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात, अहेरीकडे झाली. आता तो जंगलातल्या रस्त्यांवर सुरुंगरोधक गाडी चालवतो. आम्ही दोघे इथे लष्करी गाड्यांची वीतभर मॉडेलं करत त्याची काळजी करतो. काळजीत मी जास्त तरबेज!

* * *

आमचं काम बाहेरच्यांना पटत नाही. सुट्या भागांचा किट जोडायचा, रंगवायचा आणि गाडी चकचकीत झाली की तिच्यावर गंज, धूळ, चिखल चढवायचा. याला वेदरिंग म्हणतात. माझी बायको म्हणाली, "घरची मोटरसायकल फुकटात मळून राह्यली, अन् इथी मळवायले ब्रश विकत आणता!"

पहिल्या रणगाड्याला मी जीव तोडून गंज चढवला. केशरी, भरपूर. दिवाकरभाऊंनी चष्मा वर केला. या माणसाचं आयुष्य खऱ्या गंजात गेलेलं.

"बाबू, हा गंज नोहे. हे बुंदी होय!"

* * *

सतीशला भेटायला एकदा अहेरीला गेलो. येताना दिवाकरभाऊंनी तिथली तांबडी माती पिशवीत भरून घेतली. चाळून लावली की मॉडेलवर अस्सल धूळ दिसते. वाटेत नाकाबंदी लागली. शिपायाने पिशवी उघडली.

"काय होय हे?"

"माती जी," दिवाकरभाऊ म्हणाले.

"कायले?"

मी घाबरलो की खरं बोलतो. "रणगाड्यावर टाकायला."

शिपाई दोन पावलं मागे सरकला आणि त्याने साहेबांना हाक मारली. दिवाकरभाऊ हाताची वीत दाखवत ओरडत होते, "एवढुसाच आहे जी, एवढुसा!"

साहेबांनी मोबाइलमधले मॉडेलांचे फोटो पाहिले, मग आम्हा दोन टकल्या माणसांना पाहिलं. पिशवी परत देत म्हणाले, "घेऊन जा. आमच्याकडे लय आहे."

* * *

सतीशची आई, सिंधूबाई, दिवाकरभाऊंच्याच गल्लीत राहते. दर रविवारी वाटीत काहीतरी झाकून आणते, पण खरं काम एकच. "सतीश तुमाले काही बोलला काय?"

तिला तो रोज फोन करतो. ठीक आहो, जेवलो, ठेवतो. ती म्हणते, "रोजच्या रोज ठीक कसा राह्यते कोणी? त्याचंच तर मले भेव वाटते."

एकदा दोन दिवस त्याचा फोन लागला नाही. तिकडे रेंज जाते, हे आम्हाला ठाऊक, तिलाही ठाऊक. तरी ती येऊन आमच्यात बसली. दिवाकरभाऊ एकच चाक रंगवत राहिले. संध्याकाळी सतीशचा फोन आला तेव्हा त्या चाकावर रंगाचा इतका थर बसला होता की ते फिरेना!

* * *

मग एका रविवारी ती म्हणाली, "तो ज्या गाडीत बसते, ते मले बनवून द्या. पाहू तरी द्या कशी आहे."

त्या गाडीचा किट बाजारात मिळेना. प्लास्टिकच्या शीटमधून एकेक भाग कापला. सतीशला फोटो मागितले, त्याने चारी बाजूंनी काढून पाठवले. दिवाकरभाऊंनी बजावलं, "फोटोत आहे ते काहीच सुटलं नाई पायजे."

काहीच सोडलं नाही. चाकांवरचा चिखल, डिझेलच्या टाकीखालचा काळा ओघळ, बांबूंनी खरचटलेला रंग. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर तीन बारीक खड्डे होते, प्रत्येकाभोवती जाळं पडलेलं. ते साधायला दिवाकरभाऊंनी तापल्या सुईने चार काचा वाया घालवल्या. पाचवी जमली तेव्हा आम्ही टाळ्या दिल्या. खरंच सांगतो, टाळ्या दिल्या!

गाडी तिच्या घरी नेली. तिने ती स्टुलावर ठेवली आणि सगळीकडून पाहिली.

"हा चिखल. हे बांबूचं," ती बोट फिरवत होती. बोट काचेवर थांबलं. "अन् हे?"

"फोटोत आहे तसंच केलं बाई!" दिवाकरभाऊ अजून खुशीत होते. "एक निशाण सोडलं नाई!"

ती आमच्याकडे बघत राहिली. मग दिवाकरभाऊंनी माझ्याकडे बघितलं.

तिने फोन उचलला आणि सतीशला लावला. त्याला बोलूच दिलं नाही.

"तुह्या बाजूच्या काचेले तीन निशाण आहेत. कोणत्या दिवशीचे, ते सांग."