उपदेशकाच्या हातातला चंबू

आमच्या बर्स्लेममध्ये मातीच्या बाहुल्या करणारे शंभर असतील, पण बाहुलीला हात लावावेत ते जेबेझ कार्टलिज यांनीच. साच्यातून धड वेगळं निघतं, डोकं वेगळं, हात वेगळे. जेबेझकाका मातीचा पातळ घोळ लावून ते सांधायचे. तीस वर्षांत त्यांनी सांधलेला एकही हात भट्टीत गळून पडला नाही. बाहुलीच्या तळाशी नाव मात्र मालकांचं, जॉब शेंटन यांचं. मातीत बोट घालायचा प्रसंग आला की मालकांना सर्दी व्हायची.

आमची सगळ्यात खपणारी बाहुली म्हणजे खुर्चीत बसलेला गलेलठ्ठ म्हातारा, हातात बिअरचा फेसाळता चंबू. काकाही एकेकाळी तसेच होते. मग लोव्हॅट नावाचे उपदेशक गावात आले आणि त्यांनी काकांना गुत्त्यातून उचलून प्रार्थनागृहात बसवलं. त्याला अकरा वर्षं झाली. काकू त्याला चमत्कार म्हणायच्या. मला वाटतं, लोव्हॅटसाहेबांचा आवाजच एवढा होता की घोट घशाखाली उतरणं कठीण.

साहेबांची बाहुली खपेल हे मालकांनी ओळखलं. पण नवा साचा कोण करत बसणार? त्यांनी त्याच म्हाताऱ्याचं पोट तासायला सांगितलं, गळ्याला पांढरा पट्टा दिला आणि चंबूच्या जागी धर्मग्रंथ. झाले उपदेशक. काका मात्र हरखून गेले. जेवायलाही उठेनात.

"पहिली बाहुली मी स्वतः साहेबांच्या हातात देणार," ते मला म्हणाले. "त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं. माझ्याकडे द्यायला दुसरं आहे काय, थर्झा?"

ग्रंथवाले हात डावीकडच्या फळीवर ठेवले होते, चंबूवाले नेहमीसारखे उजवीकडे. काका डोळे मिटून स्तोत्र म्हणत राहिले आणि त्यांचा हात तीस वर्षांच्या सवयीने उजवीकडेच जात राहिला. सहा डझन उपदेशक तयार झाले, प्रत्येकाच्या हातात बिअर.

मला ते दिसलं होतं. बाहुल्या भाजून थेट माझ्या खोलीत येतात. रंगीत झिलई मीच लावते. मला इतकं हसू आलं की मी कुणाला काही सांगितलं नाही, उलट फेस नीट पिवळा केला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

झिलईची भट्टी उघडली तेव्हा काका एकेक उपदेशक उचलून त्याच्या हातातला चंबू तपासू लागले. मालक त्यांना हाकलून द्यायलाच निघाले होते, तेवढ्यात गुत्तेवाल्यांना बातमी लागली. संध्याकाळपर्यंत एकही उपदेशक उरला नाही. मालकांचा राग कुठल्या कुठे गेला. ही कल्पना आपल्याला कशी सुचली ते लोकांना सांगू लागले, आणि काकांना म्हणाले, आणखी दोनशे करा, चंबूसकट.

काका साहेबांची माफी मागायला गेले. मीही सोबत गेले. साहेब खिडकीपाशी उभे होते आणि समोरच्या गुत्त्याच्या खिडकीत त्यांचीच बाहुली त्यांच्याकडे चंबू उंचावून बसली होती. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चूक झाली, जेबेझ. झाली ती झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "पण पुढची भट्टी चूक नसेल."

सकाळी काकांनी मालकांना सांगितलं, "हे माझ्याच्यानं होणार नाही."

"मग घरी बसणं तरी होईल ना?" मालक म्हणाले.

काका बासष्ट वर्षांचे होते. त्यांनी हात धुतले, कोट घातला आणि गेले. रविवारी प्रार्थनागृहात साहेबांनी त्यांच्या निर्धारावर तासभर प्रवचन केलं. बायकांनी डोळे पुसले. घरात पाव आहे का, हे विचारायचं तेवढं सगळ्यांचं राहून गेलं.

सोमवारी मालकांनी मला काकांच्या बाकावर बसवलं, मातीचा घोळ पुढे सरकवला आणि विचारलं, जमेल का? सांधायला मला काकांनीच शिकवलं होतं. मी हो म्हणाले.