खैऱ्या मागं चालला तो दिवस

बबन भाऊ, मी मुंबईले निघालो त्या सकाळी वाशीमच्या टेशनापर्यंत बंडी बाबांनीच हाकली. तू मागं बसून होता, तुले आठवत असंल. रेल्वे हलाले लागली तवा बाबा म्हणे, "आपण माळी मानसं. चित्रानं कोनाचं पोट भरते का? नाही जमलं त लाजू नको, वापस ये."

मुंबईत कार्टूनच्या स्टुडिओत लागलो. चित्र चार पावलं चालवाचं त कागदायचा ढीग लागे. साहेबानं महिनाभर पारखाले ठेवलं अन् काम दिलं मोटेच्या बैलाचं. जमलं त कायम, नाही त वापस आपल्या गावी, केनवडले. म्या मनात म्हटलं, हे त आपल्या घरचंच काम! आपला खैऱ्या बैल डोळ्यापुढं उभा राह्यला.

तिथंच माती खाल्ली. बैल भरली मोट ओढत उतारानं खाली जाते, मोट रिकामी झाली का पाठमोराच वर येते. म्हटलं, दुसरे कागद कायले काढू? तेच उलट्या क्रमानं लावले. पडद्यावर खैऱ्या मान खाली घालून असा मागं आला, जसं का कोनी शेपटी धरून ओढून राह्यलं. सारे खो खो हसले. साहेब म्हणे, "ये बैल है के टेबल? तीन दिन देता हूँ."

लाज वाटली रे! जलमभर मोट हाकली अन् बैल पाह्यलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर हॉलमंदी खांद्याले खिडकीच्या पडद्याची दोरी बांधली अन् दुसरं टोक कासमच्या हाती देल्लं. कासम आपल्याच मंगरूळपीरचा, स्टुडिओत रंगारी. मी उलटा चालू लागलो.

"दोरी ढिली सोड बे! मोट रिकामी हाय आता!"

दोरी ढिली झाली अन् माही मान आपोआप वर गेली. मागचा पाय जमीन चाचपू लागला. हेच त चुकलं होतं! सारे कागद फाडले, नवे काढले. साहेबानं पडद्यावर पाह्यलं अन् म्हणे, "फिर दिखाओ." तीनदा पाह्यलं अन् मी कायम झालो.

पुढं ते चित्र तंबूतल्या सिनेमात रिसोडले आलं. तुहं पत्र स्टुडिओच्या पायरीवर बसून वाचलं अन् खुशाल रडलो. तू लिहलं होतं, बाबा भर तंबूत उभे राहून वरडले, "अबे, हा आपला खैऱ्या व्हय! माह्या पोरानं चालवला!"

इथं आलेले आपल्याकडचे लोक म्हणतात, गाव सुटलं. कायचं सुटलं! आज गावोगावच्या तंबूत आपल्याच मळ्याची मोट चालून राह्यली.